चाकांची बेअरिंगे वेळेआधी बदलावीत काय?

चतुर्थी आटोपून पाऊस ओसरू लागला की गोव्यातील गॅरेजांत वाहनांची रीघ लागते. ब्रेक, टायर, तेल अशी तपासणी चालू असता मेस्त्री पुष्कळदा सुचवितो की, गाडी लाखभर किलोमीटर चालली आहे, तेव्हा चारही चाकांची बेअरिंगे आताच बदलून घ्यावीत. सूचना सद्‌हेतूची असते. चाकाचा प्रश्न हा जिवाचा प्रश्न असल्याने मालकही मान डोलावतो. परंतु या खर्चाने सुरक्षितता खरोखर वाढते काय, हे तपासून पाहिले पाहिजे.

बेअरिंगला मराठी विश्वकोशात ‘धारवा’ असा सुटसुटीत शब्द आहे. गॅरेजात मात्र तो उच्चारून उपयोग नाही! एकात एक बसविलेली दोन पोलादी कडी, त्यांच्यामध्ये फिरणाऱ्या गोळ्या किंवा रूळ, आणि भोवती ग्रीसचा पातळ थर, अशी त्याची रचना असते. गाडीचा भार पेलून चाकाला मोकळे फिरू देणे हे त्याचे कार्य होय.

बेअरिंगचे आयुष्य मोजण्याच्या आजच्या पद्धतीचा पाया स्वीडनमधील लुंडबर्ग व पाल्मग्रेन यांनी १९४७ मध्ये घातला. सारखाच भार असलेल्या १०० बेअरिंगांपैकी १० धातूच्या थकव्याने निकामी होईपर्यंत जेवढे फेरे होतात, तेवढे त्या प्रकारच्या बेअरिंगचे मूल आयुष्य मानले जाते. याचाच अर्थ, त्या क्षणी ९० बेअरिंगे धडधाकट असतात, आणि त्यांतील बहुतेक पुढेही दीर्घकाळ टिकतात. सरसकट बदल करणे म्हणजे एका सदोष भागासाठी नऊ निर्दोष भाग भंगारात टाकणे होय. विमानांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन व हीप यांनी १९७८ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार, केवळ ११ टक्के प्रकारच्या भागांनाच वयोमर्यादा ठरविण्याचा काही लाभ होऊ शकत होता.

शिवाय नव्या बेअरिंगचीही जोखीम असते. ते प्रेसवर न बसविता हातोडीने ठोकले, किंवा दाब चुकीच्या कड्यावर आला, तर गोळ्यांचे ठसे कड्यावर उमटतात आणि कोरे बेअरिंग थोड्याच दिवसांत घुमू लागते. चांगले चाललेले उकलून आपण बिघाडाला आमंत्रण देतो, ते असे.

बेअरिंगचे खरे शत्रू म्हणजे पाणी, धूळ, खड्ड्यांचे आघात आणि जादा भार. गोळ्यांच्या बेअरिंगवरील भार दुप्पट झाला की त्याचे गणिती आयुष्य एक-अष्टमांशावर येते. चोर्ला घाट उतरताना ब्रेकमुळे हब तापतो. तसेच तापलेले चाक पायथ्याशी साचलेल्या पाण्यात गेले, तर हबमधील हवा आकसते आणि जीर्ण सीलमधून पाणी आत ओढले जाते. ते ग्रीस बिघडविते व पोलादाला गंज चढविते. अशा प्रसंगानंतर चाके तपासून घेणे हे किलोमीटर मोजीत बसण्यापेक्षा अधिक हिताचे.

तपासणी सोपी आहे. वाहन सपाट जागी उभे करून इतर चाकांना अडण लावावी व जॅकने चाक उचलावे. वाहनाखाली मात्र शिरू नये. चाक वर-खाली धरून हलविल्यास खडखड जाणवू नये, आणि हाताने फिरविताना खरखर लागू नये. रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी घुमण्याची ध्वनी ही मुख्य खूण. डावीकडे वळताना ती वाढली तर बहुधा उजव्या चाकाचे बेअरिंग दोषी असते, कारण भार त्या बाजूस जातो. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलत असेल, तर प्रथम टायरांकडे पाहावे.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. त्यास हा भेद एका दौऱ्यात उमगला. गाडी घुमत होती, आम्ही टायरला दोष देत दोन दिवस काढले. अखेर चालकाने थांबून हबजवळ हात नेला, तो चटका बसण्याइतका तापलेला! पुढील प्रवास बसने झाला.

जुन्या जीपसारख्या वाहनांतील निमुळत्या रुळांच्या, जुळविता येणाऱ्या बेअरिंगांची गोष्ट वेगळी. ती उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून व नवे सील घालून पुन्हा जुळविणे आवश्यकच आहे. आजच्या मोटारींतील सीलबंद बेअरिंगांत ग्रीस भरण्याची सोय नसते. अन्य दुरुस्तीसाठी असे बेअरिंग ओढून काढावे लागले आणि जोर त्याच्या गोळ्यांवरून गेला, तर तेच पुन्हा बसवू नये.

खूण पटल्यावर मात्र एक दिवसही चालढकल करू नये, कारण पूर्ण झिजलेले बेअरिंग चाक जाम करू शकते. क्वचित चाकच निखळते. दुसऱ्या बाजूचे चाक त्याच पाण्यातून गेले असेल तर तेही त्याच वेळी तपासावे. हबचा नट उत्पादकाने दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने आवळला जाईल, आणि एबीएस असलेल्या गाडीत बेअरिंगची चुंबकीय कड असलेली बाजू संवेदकाकडेच राहील, याची खात्री मालकाने समोर उभे राहून करून घ्यावी.