आमच्या घरची केबल सुटली

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीमागचा केबलचा डबा निघाला, तो परत जागेवर गेलाच नाही. केबलवाला येऊन घेऊन गेला. गंमत म्हणजे चार दिवसांनी तोच माणूस इंटरनेटची तार घेऊन दारात हजर! खांब तेच, शिडी तीच, महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागायला येणारा मुलगाही तोच. केबलचे तीनशे बंद झाले, नेटचे पाचशे सुरू झाले, वर ॲपची वर्गणी वेगळी. तेव्हा केबल सोडली की पैसे वाचतात असं कोणी म्हणालं, तर आमचा हिशेब दाखवायला मी तयार आहे.

आम्ही केबल सोडली ती मराठीसाठी.

सतवास म्हणजे देवास जिल्ह्यातलं, कन्नोदकडचं लहानसं गाव. पवार-होळकरांच्या काळापासून माळव्यात मराठी माणूस आहे खरा, पण इंदूर-देवासची गोष्ट निराळी. तिथे मराठी मंडळं आहेत, नाटकं होतात. इथे मराठी घरं बोटांवर मोजावीत. बाजार हिंदीत, शेजार माळवीत, आणि मी स्वतः दिवसभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते ते हिंदीतूनच. ‘लाइट चालली गेली’ हे वाक्य आमच्या घरात शुद्ध मराठी समजलं जातं! अशा घरात मराठी उरते ती दोन ठिकाणी. एक सासूबाई आणि दुसरा टीव्ही.

माझ्या लहानपणी दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचा. कधी बंगाली, कधी मल्याळम. मराठीची पाळी आली की आमच्याकडे जेवणं लवकर उरकायची. पुढे १९९९ मध्ये अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, सुरू झाली आणि २००० मध्ये ई-टीव्ही मराठी. पण वाहिनी सुरू होणं वेगळं आणि ती सतवासला दिसणं वेगळं. तेव्हा केबलवाल्याच्या गच्चीवर छत्र्या असत, खोलीत वाहिन्यांची यंत्रं मांडलेली असत आणि गावाने काय पाहायचं ते तोच ठरवी. आमच्या सासऱ्यांनी चार-पाच मराठी घरांच्या सह्या घेऊन त्याला गाठलं. ‘बाबूजी, पाँच घर के लिए?’ असं म्हणत का होईना, त्याने मराठी वाहिन्या लावल्या.

त्या जोरावर सासूबाईंनी ‘चार दिवस सासूचे’ पूर्ण पाहिली. २००१ ते २०१३, तीन हजारांहून अधिक भाग! मी सून म्हणून आले तेव्हा मालिका ऐन रंगात होती. नव्या सुनेने ती सासूच्या शेजारी बसून पाहायची म्हणजे कुठे हसावं नि कुठे गप्प बसावं, याचं एक शिक्षणच होतं. थोरल्या लेकीचं बालपण त्याच खोलीत गेलं. तिला कार्टून हवं असे, पण टीव्ही एकच आणि साडेआठपर्यंत आजीचा. नाइलाजाने तिथेच बसून ती गृहपाठ करी. ‘काळजी’, ‘रुसवा’, ‘आगाऊपणा’ हे शब्द तिला मी शिकवले नाहीत. ते तिने पाढे लिहिता लिहिता उचलले.

मग केबल डिजिटल झाली. लहान गावांसाठी शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती. आता वाहिन्यांचा सगळा गठ्ठा शहरातून बांधून येऊ लागला, गावच्या केबलवाल्याच्या हातात काही राहिलं नाही. मराठी वाहिन्या गेल्या. २०१९ मध्ये ट्रायचा नवा नियम आला: शंभर वाहिन्यांचे १३० रुपये अधिक कर, आणि त्यापुढे हवी ती सशुल्क वाहिनी एकेक करून निवडा. वर्गात मी हे ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्याचं उदाहरण म्हणून उत्साहाने शिकवलं. घरी येऊन केबलवाल्याचा फॉर्म पाहिला, तर त्यात मराठीचा रकानाच नव्हता. माणूस निवडणार ते दुकानात असलेल्या मालातून! डीटीएचची छत्री लावावी, तर तिला दक्षिणेकडचं आकाश मोकळं लागतं आणि ते आमच्या दारच्या चिंचेने अडवलेलं. चिंच सासऱ्यांनी लावलेली, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

धाकटा वाढला तो नेमका याच आठ वर्षांत. त्याला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. एकदा आजीने काही विचारलं तर म्हणाला, ‘आजी, आप ही देख लो ना.’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला मात्र ते ‘आप’ फार लागलं. आजीला ‘तू’ म्हणायचं असतं, हे त्याच्या कानावर पडलंच नव्हतं.

म्हणून नेट घेतलं. आता झी मराठीच्या मालिका झी-फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर. जुनी नाटकं यूट्यूबवर. पाच घरांच्या सह्या नकोत, कोणाची मेहेरबानी नको. देशभर हाच ओघ दिसतो. २०२० मध्ये डीटीएचचे सक्रिय ग्राहक ७ कोटींच्या आसपास होते, ते मार्च २०२५ पर्यंत ६ कोटींच्या खाली आले. पहिला आठवडा घरात सणासारखा गेला.

पण महिन्याभरात एक गोष्ट ध्यानात आली. मालिका कधीही पाहता येते, म्हणून सासूबाई ती दुपारी दोनला पाहून मोकळ्या होत होत्या. त्या वेळी मी कॉलेजात, धाकटा शाळेत, हे दुकानावर. घरात मराठी आली होती, पण रिकाम्या खोलीत बोलून निघून जात होती. संध्याकाळी धाकटा कानात बोंडं घालून मोबाइलपाशी, मी पेपर तपासायला, आणि टीव्ही बंद. केबलच्या काळात ज्या अडवणुकीला आम्ही कंटाळलो होतो, एक टीव्ही आणि एक ठरलेली वेळ, तिनेच लेकीला मराठी दिली होती. हे मी सासूबाईंना बोलून दाखवलं. त्यांनी नुसतं ‘हं’ केलं.

त्यानंतर रोज आठ वाजता हाक येऊ लागली. ‘अरे, लाव रे ती मालिका. मला काही हे रिमोट जमत नाही.’ धाकटा कुरकुरत येतो, लावून देतो. मग थांबलं की पुन्हा हाक, आवाज वाढव, काल कुठे राहिलं होतं ते शोध. उठबस परवडत नाही म्हणून हल्ली तो वही घेऊन तिथेच बसतो. परवा मालिकेतल्या सुनेवर चिडून म्हणाला, ‘आजी, ही किती खोटं बोलते बघ.’

मागच्या आठवड्यात तास लवकर सुटले, तर मी तीनलाच घरी आले. सासूबाई एकट्याच होत्या. रिमोट तोंडाशी धरून त्याला एका जुन्या नाटकाचं नाव ठणकावून सांगत होत्या, आणि नाटक लागलंही. मला पाहिल्यावर रिमोट हळूच उशीखाली गेला.

‘चहा टाकतेस?’ म्हणाल्या. मी टाकला.