हजेरीपट आणि कर्करोग

मुंबईच्या लोकल गाडीत अपंगांसाठी राखून ठेवलेला जो डबा असतो, तो कर्करुग्णांसाठीही राखीव असतो. सकाळी नऊच्या सुमारास त्या डब्यात पाऊल ठेवणाऱ्यास एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. तेथे बसलेला प्रत्येक कर्करुग्ण परळच्या टाटा रुग्णालयाकडेच निघालेला असतो असे नाही. काहींच्या पिशवीत जेवणाचा डबा असतो आणि त्यांना फोर्टातील आपल्या कचेरीत वेळेवर पोहोचावयाचे असते. कर्करुग्ण हा नोकरदारही असू शकतो, हे रेल्वेने, नकळत का होईना, मान्य केले आहे. आपल्या कायद्यांनी आणि कचेऱ्यांनी ते अद्याप मान्य केलेले दिसत नाही.

एके काळी या रोगाचे निदान म्हणजे नोकरीचा शेवट, असेच समीकरण होते. आज उपचारांचे स्वरूप पालटले आहे. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालतात. प्रत्यक्ष यंत्राखाली मात्र रुग्ण काही मिनिटेच असतो. केमोथेरपीची मात्रा पुष्कळदा तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. पहिले काही दिवस मळमळीत आणि थकव्यात जातात, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्यामुळे गर्दीत जाणे धोक्याचे ठरते, आणि तिसऱ्या आठवड्यात अनेकांना कामावर जाण्याइतकी हुशारी वाटू लागते. म्हणजे हा माणूस सलग आजारी नसतो आणि सलग बराही नसतो. हजेरीपटाला मात्र दोनच अवस्था ठाऊक आहेत : हजर किंवा रजेवर.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका हिशेबनीस बाईंना या कोंडीचा अनुभव आला. स्तनाच्या कर्करोगावरील उपचार चालू असताना त्यांनी दोन महिने कचेरीत कोणालाही काही सांगितले नाही. सकाळी लवकर किरणोपचार घेऊन त्या कामावर जात आणि उशीर झाल्याबद्दल बोलणी खात. अखेर थकव्याने टेबलावरच डोके टेकल्यावर साहेबांना सारे कळले. साहेब माणूस वाईट नव्हे. ते म्हणाले, “बाई, आता तुम्ही घरी स्वस्थ पडून राहा. प्रकृतीपुढे नोकरी ती काय?” त्या वाक्यातील करुणा खरीच होती; पण बाईंच्या औषधांचा खर्च ज्या गटविम्यातून भागत होता, तो विमा त्या नोकरीलाच जोडलेला होता. नोकरी सोडली की विमा गेला. नवा घ्यावा तर आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षेचा काळ आलाच. 2024 मध्ये त्याची कमाल मर्यादा खाली आणली गेली, तीही तीन वर्षांवर! कर्करुग्णाला घरी बसविणारे सौजन्य पुष्कळदा असे महागात पडते, आणि म्हणूनच लोक आजार लपवितात.

कायद्यांकडे वळले तर चित्र फारसे निराळे नाही. 1948 च्या कायद्याने अस्तित्वात आलेली कर्मचारी राज्य विमा योजना ही या बाबतीत आपली सर्वांत उदार व्यवस्था म्हणावी लागेल. तीत सामान्य आजारासाठी वर्षातून 91 दिवस, वेतनाच्या 70 टक्के लाभ आहे. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला तो 80 टक्क्यांनी, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. परंतु 2017 मध्ये या योजनेची वेतनमर्यादा दरमहा 21 हजार रुपये ठरली, म्हणजे शहरातील साधा कारकूनही पुष्कळदा तिच्या बाहेर पडतो. शिवाय हा लाभ कामावर न जाण्याबद्दलचा आहे. सकाळी उपचार घेऊन दुपारी कामावर येणाऱ्याची तीत सोय नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी 1981 च्या रजा नियमांत कर्करोगाचा स्वतंत्र विचार झाला, हे श्रेय द्यावयास हवे. याउलट दुकाने व आस्थापनांसाठीच्या 2017 च्या राज्य कायद्याने दिलेल्या 8 दिवसांच्या नैमित्तिक रजेत किरणोपचाराचे दोन आठवडेही बसत नाहीत. आणि औद्योगिक विवादांविषयीच्या 1947 च्या कायद्याने तर सततच्या अनारोग्यामुळे कामगाराला काढणे हे ‘कपाती’च्या व्याख्येतूनच वगळले होते. सात दशकांहून अधिक काळ हे असेच चालले, आणि अशा कामगाराला कपातीची भरपाईही मागता येत नव्हती.

2016 चा अपंग हक्क कायदा सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास मनाई करतो. पण त्याच्या यादीत कर्करोग नाही. स्वरयंत्र काढावे लागून वाचा कायमची गेली, तर ते अपंगत्व. वाचा वाचावी म्हणून किरणोपचार चालू असतील, तर मात्र नाही. ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्यानुसार निदान झाल्याच्या दिवसापासूनच कर्करुग्णाला अपंगांचे संरक्षण मिळते आणि कामाच्या वेळा, जागा व स्वरूप यांत वाजवी फेरबदल करणे मालकावर बंधनकारक ठरते.

पाच माणसांच्या दुकानमालकाने हा भार कसा उचलावा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तो एकट्या मालकावर न टाकता विमा योजनेने अर्ध्या दिवसाचा लाभ देण्यास सुरुवात करावी. मालकाने कामाच्या अर्ध्या दिवसाचे वेतन द्यावे, उरलेल्याचा वाटा योजनेने उचलावा. रोजंदारीवर जगणाऱ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्यांचा रुग्णालयाचा खर्च सोसते. बुडालेली मजुरी कोणीच सोसत नाही.

त्या हिशेबनीस बाईंनी नोकरी सोडली नाही. किरणोपचार संपले. आता पुढील पाच वर्षे त्यांना रोज एक गोळी घ्यावयाची आहे आणि दर काही महिन्यांनी तपासणीस जावयाचे आहे. त्या तपासणीचा दिवस हजेरीपटाच्या कोणत्या रकान्यात मांडावयाचा, हे त्यांच्या कचेरीने अद्याप ठरविलेले नाही.