आमवात : औषध स्वस्त, उशीर महाग

उजनीच्या फुगवट्याकाठचे भिगवण बहुतेकांना माहीत आहे ते हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे. वैद्यकाच्या जगात मात्र या गावाचे नाव वेगळ्या कारणाने घेतले जाते. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने अनेक देशांत राबवल्या गेलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा तो भाग होता. दवाखान्यात येणारे रुग्ण मोजायचेच, पण जे कधी येतच नाहीत त्यांनाही गाठायचे, हा त्यामागचा विचार. सुमारे चार हजार प्रौढांच्या या पाहणीत शंभरातल्या अठरा जणांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे आढळले. त्यांतली बहुतेक दुखणी कष्टाची आणि झिजेची होती. पण दर दोनशे माणसांमागे एकाला आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस (आरए), होता.

अर्धा टक्का हा आकडा लहान वाटतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. भिगवणचे प्रमाण राज्यातल्या प्रौढांना लावले, तर आमवाताचे रुग्ण तीन लाखांच्या पुढे जातात. त्यांत स्त्रिया पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतात. आजार पुष्कळदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान गाठतो. घर आणि शेत दोन्ही बाईच्या हातांवर चालत असते, नेमके तेव्हा.

हा आजार आटोक्यात ठेवणारी मूळ औषधे आपल्याकडे स्वस्तात मिळतात. तरीही घरे कर्जात जातात आणि हात वाकडे होतात. सांधा मोडल्यावर तो बदलण्यासाठी पैसे द्यायला आपली व्यवस्था तयार होते. तो मोडू नये म्हणून लागणारी गोळी, तपासणी आणि एसटीचे तिकीट मात्र ती रुग्णावरच सोडते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

पहाटेचे हात

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू कूर्चा व हाड खाऊ लागते. झिजेच्या गुडघेदुखीत दिवसभर चालून संध्याकाळी दुखते. इथे उलटे असते. सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही. भाकरीचे पीठ मळता येत नाही, थापताना तळव्याला कळ लागते, ओले लुगडे पिळता येत नाही, नळाची तोटी फिरत नाही, ब्लाऊजचे हूक लावायला लेकीला हाक मारावी लागते. तास-दोन तास गेले, ऊन वर आले की हात जरा सैल होतात. घरचे म्हणतात, आता तर बरी दिसतेस. या सकाळी कोणी पाहत नाही, म्हणून आजार महिनोन्‌महिने ‘वात’ या एका शब्दाखाली झाकून राहतो.

हे महिनेच सर्वांत मोलाचे असतात. लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य औषध मिळाले, तर आजार शांत होण्याची शक्यता सर्वाधिक असते. पुढे एक्स-रेवर हाडाची झीज दिसू लागली, की ती भरून येत नाही.

आठवड्यातून एकदा

आमवाताच्या उपचाराचा कणा आहे मेथोट्रेक्सेट. या औषधाच्या जन्मकथेत एक भारतीय नाव आहे. आंध्रातल्या भीमावरमला १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन करत होते. फोलिक आम्लाला विरोध करणारी जी औषधे त्यांच्या चमूने बनवली, त्यांच्याच कुळातले हे औषध. आधी ते रक्ताच्या कर्करोगावर वापरले गेले. पुढे त्याच्या अगदी लहान मात्रेने सांध्यांची सूज उतरते, असे ध्यानात आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८८ मध्ये आमवातासाठी त्याला मान्यता दिली.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि तिच्या जोडीला फोलिक आम्ल लागते. भोवतालच्या सगळ्या गोळ्या ‘रोज एक’ असताना ही चुकून रोज घेतली जाते. तोंड सोलवटते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात आणि जीव जाऊ शकतो. म्हणून चांगले डॉक्टर चिठ्ठीवर वार लिहून देतात, ‘फक्त गुरुवारी’, आणि तो रुग्णाकडून मोठ्याने वदवूनही घेतात. दुसरी अडचण भीतीची. ‘ही तर कॅन्सरची गोळी’, असे दुकानात किंवा मोबाइलवर कळले, की रुग्ण ती गुपचूप बंद करतो. मात्रेतला जमीन-अस्मानाचा फरक समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीत ती पाच मिनिटेच नसतात.

मेथोट्रेक्सेटच्या जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलेझिन ही आणखी दोन जुनी औषधे दिली जातात. तिन्ही मिळून महिन्याचा खर्च साधारण हजार-पंधराशे रुपयांच्या घरात बसतो. ही गरिबांसाठीची दुय्यम सोय आहे, असे कोणी समजू नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ३५३ रुग्णांवरच्या एका अमेरिकी चाचणीत मेथोट्रेक्सेट पुरेसे न पडलेल्यांना दोन गटांत विभागले होते. एका गटाला ही तीन औषधे दिली, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेटसोबत एटानर्सेप्ट हे महागडे इंजेक्शन. ज्यांना गुण येत नव्हता, त्यांच्या उपचारांची मध्यावर अदलाबदल केली. ४८ आठवड्यांनी तीन औषधांनी सुरुवात केलेला गट इंजेक्शनच्या गटापेक्षा मागे नव्हता.

त्याआधी २००४ मध्ये ग्लासगोच्या एका अभ्यासाने आणखी मोलाची गोष्ट दाखवली होती. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने अधूनमधून तपासले; दुसऱ्याला दर महिन्याला तपासून, सुजलेले सांधे मोजून, लागेल तशी औषधे वाढवली. औषधे दोन्हीकडे तीच जुनी. दीड वर्षाने पहिल्या गटात १६ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्यात ६५ टक्के. एकूण खर्चही वाढला नव्हता. दर महिन्याला तपासणाऱ्या डोळ्यांनी आणि हातांनी हा फरक पडला होता.

पैसा जातो कुठे?

गोळ्या स्वस्त असतील, तर घर का बुडते? सोलापूर किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून पाहिले, की उत्तर मिळते. आधी गावातला डॉक्टर, मग हाडांचा डॉक्टर, मग जडीबुटीवाला. प्रत्येक ठिकाणी नवी फी, नव्या तपासण्या. संधिवाताचे तज्ज्ञ बहुतांशी मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत. तिथे जायचे म्हणजे दोघांचे प्रवासभाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी. औषध सुरू झाल्यावर ठरावीक काळाने रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेणाऱ्याला डोळ्यांचा पडदाही तपासावा लागतो. बिलात गोळ्या धाकट्या आणि बाकीच सगळे थोरले, असा हा मामला.

यात सर्वांत घातक ठरते ते स्टिरॉइड. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेले माणूस काही दिवसांत चालू लागले. १९५० मध्ये त्यांना या कामातल्या सहभागासाठी नोबेल मिळाले. सुरुवातीचे काही आठवडे, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, स्टिरॉइडचा उपयोग आजही होतो. पण तीच गोळी चिठ्ठीविना वर्षानुवर्षे घेतली गेली, की साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, जंतुसंसर्ग जडतात. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे. दोन दिवसांत दुखणे पळाले, तर तिथेच शंका घ्यायला हवी. आणि असे औषध बरेच दिवस घेतले असेल, तर ते एकदम बंद करणेही धोक्याचे असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवावे लागते.

महाग इंजेक्शनांचा टप्पा

काही रुग्णांना जुन्या औषधांनी खरोखरच गुण येत नाही. त्यांच्यासाठी ‘बायोलॉजिक’ औषधे आली. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी लंडनच्या केनेडी संस्थेत ‘टीएनएफ’ नावाचा रेणू रोखला, तर सूज उतरते, हे १९९०च्या दशकात दाखवून दिले. त्या संशोधनातून अडालिमुमॅबसारखी औषधे उभी राहिली. अडालिमुमॅब दर पंधरवड्याला टोचायचे, म्हणजे वर्षाला २६ इंजेक्शने.

इथे भारतीय उद्योगाने मोठे काम केले आहे. अडालिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणली. तिची किंमत अमेरिकेतल्या मूळ औषधाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढी होती. पुढे टोफासिटिनिब या गोळीच्या जेनेरिक आवृत्त्या आल्या आणि टोचण्याऐवजी गिळायचा पर्याय त्याहून स्वस्तात मिळाला. पण स्वस्त झाले म्हणून सैल सोडावे, असे हे औषध नाही. हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोगाच्या जोखमीबद्दल अमेरिकी प्रशासनाने २०२१ मध्ये त्यावर कडक इशारा दिला. शिवाय जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. ही औषधे अंगात दबलेला क्षय जागा करू शकतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी, आणि गरज पडल्यास काही महिने प्रतिबंधक उपचार. ही पायरी पैसे वाचवायला गाळली, तर ते जिवावर बेतते.

कोण पैसे देते?

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे. आमवाताच्या रुग्णापर्यंत मात्र ती फारशी पोहोचत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत गेले आहे, पण योजनेची घडण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची. खासगी विम्याचेही तसेच. गुडघा बदलला, तर दावा मंजूर होतो. गुडघा वाचवणारी गोळी ‘ओपीडी’त मोडते. विमा नियामकाने २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ कमाल तीन वर्षांवर आणला, तेवढा दिलासा. प्राप्तिकराच्या कलम ८०डीडीबीखाली ज्या आजारांच्या उपचारखर्चावर वजावट मिळत आली, त्या यादीत आमवात नाही. राज्य कामगार विम्याखालच्या कामगाराला बाह्यरुग्ण विभागात औषध मिळते. शेतमजूर बाई त्या छत्राबाहेर.

२०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, ते योग्यच झाले. तीच तत्परता गुडघा वाचवण्याच्या बाबतीत का नाही? २०२० च्या मार्चमध्ये करोनाप्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची शिफारस झाली आणि ते दुकानांतून दिसेनासे झाले, तेव्हा रोज त्यावर जगणाऱ्या रुग्णांचा विचार कोणाच्या यादीत नव्हता.

स्त्रियांच्या वाट्याला आणखी एक ओझे येते. लग्न ठरताना आजार लपवला जातो, मग सासरी गोळ्या लपवून घ्याव्या लागतात आणि शेवटी बंद पडतात. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक असल्याने दिवस राहण्याआधी ते थांबवावेच लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलेझिन मात्र चालू ठेवता येतात. हे वेळेत सांगितले, तर आमवात असलेली बाई सुखरूप आई होते. हे सांगणे उपचाराचाच भाग आहे.

करण्याजोगे

ही तिन्ही जुनी औषधे आणि त्यांच्या रक्ततपासण्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात बारमाही मोफत मिळाव्यात. जिल्हा रुग्णालयात आठवड्याचा एक वार आमवाताचा ठरावा. शहरातला तज्ज्ञ ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवरून जोडलेला असावा आणि सुजलेले सांधे मोजायला शिकवलेली परिचारिका तिथे हजर असावी. दीर्घ आजारांच्या बाह्यरुग्ण खर्चाला योजनेत आणि विम्यात जागा मिळावी. यातले काहीही आपल्या राज्याच्या कुवतीबाहेरचे नाही.

वाचकांनी आपल्या घरातल्या हातांकडे पाहावे. बोटांचे किंवा मनगटांचे सांधे सहा आठवडे सुजलेले असतील आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, तर थांबू नका. रक्ततपासणीत आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका, अँटी-सीसीपी या दुसऱ्या रक्तचाचणीबद्दल विचारा, आणि जमेल तितक्या लवकर संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवा. दुखणे कमी झाले, तरी डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नका. आमवात आज बहुतेकांच्या बाबतीत आटोक्यात ठेवता येतो. तो वेळेवर ओळखणे हाच त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.