एका डॉलरची पेटी

ग्राहक किंमत विचारतो, तेव्हा वस्तूची घडणही तो मनात तोलीत असतो, हे व्यापारी बंधूंना सांगावयास नको. याचे उत्तम प्रत्यंतर कॅमेऱ्याच्या व्यापारात आढळते. अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली आणलेला कोडॅक कॅमेरा वापरण्यास सोपा होता. परंतु २५ डॉलर किंमतीमुळे तो सामान्य कुटुंबास दुर्लभच राहिला. १९०० साली त्यांच्या कंपनीने ‘ब्राउनी’ विक्रीस आणला. पुठ्ठ्याची पेटी, एक साधे भिंग आणि मुलांनाही हाताळता येईल अशी कळ. किंमत अवघा १ डॉलर! सहा चित्रांची फिल्म १५ सेंटला मिळे. पहिल्याच वर्षी लाखावर पेट्या खपल्या. पेटी एकदाच विकली जाई. फिल्मसाठी मात्र तोच ग्राहक पुनःपुन्हा दुकानी येई.

अर्थात, चित्र नीट उमटले तरच तो येणार! प्रारंभीच्या पेटीचे मागील झाकण घट्ट बसत नसे. कंपनीने काही महिन्यांतच ते बदलून बिजागरीचे केले, किंमत मात्र तीच राखली.

माल स्वस्त करताना काय वगळावे, याचा हिशेब आपण सारेच करतो. काय कदापि वगळू नये, हा विवेक ज्याच्यापाशी असतो, त्याच्या पेढीची पायरी ग्राहक पुन्हा चढतो.