देवमाशांनी आपल्याला क्षमा केली आहे का?

देवमासे पाहायला समुद्रावर जाणाऱ्या लोकांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "एवढं सगळं करूनही त्यांनी आपल्याला क्षमा केली." हे वाक्य कुठून आलं, ते खरं आहे का, आणि खरं नसेल तर त्याच्या जागी आपण काय म्हणावं, एवढाच आजचा विषय. तत्त्वज्ञानाचा वर्ग आहे, पण सुरुवात भूगोलापासून करावी लागेल.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या खाली मेक्सिकोचा एक चिंचोळा भूभाग प्रशांत महासागरात लांबवर उतरला आहे. त्याचं नाव बाहा कॅलिफोर्निया. हिवाळा सरताना सॅन दिएगो बंदरातून या किनाऱ्याच्या कडेकडेने जाणाऱ्या, आठ-दहा दिवसांच्या बोटीच्या सफरी निघतात. मी अशा एका सफरीला गेलो होतो. पंचवीस-तीस माणसं, झोपायला फळीएवढी जागा, आणि दिवसभर काम एकच: पाण्याकडे पाहत बसायचं.

पहिले दोन दिवस देवमासा जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो त्याचा श्वास. आपल्याकडे चित्रांत देवमाशाच्या डोक्यावर पाण्याचं कारंजं काढतात, पण ते पाणी नव्हे बरं का. देवमासा मासाही नाही. तो आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे. वर आल्यावर तो उबदार श्वास जोरात सोडतो, तो थंड हवेत धुक्यासारखा दिसतो. क्षणभर पांढरा ढग, मग पुन्हा नुसतं पाणी. तासन्‌तास हेच. मधूनच डॉल्फिनांचा कळप बोटीच्या नाकासमोर येऊन खेळतो आणि मनाला येईल तेव्हा निघून जातो.

वाटेत सॅन बेनितो नावाची बेटं लागतात. तिथे किनाऱ्यावर एलिफंट सील पसरलेले असतात. नराचं नाक सोंडेसारखं लोंबतं, म्हणून हे नाव. एकोणिसाव्या शतकात चरबीच्या तेलासाठी यांची इतकी कत्तल झाली की ते संपले असंच सगळ्यांना वाटलं. मग 1892 मध्ये ग्वादालुपे या बाहाजवळच्याच बेटावर संशोधकांना थोडे जिवंत सापडले. त्यांनी काय केलं असेल? त्यांतले सात मारले, वस्तुसंग्रहालयात ठेवण्यासाठी. जात नष्ट होणारच आहे, तर निदान नमुने तरी हवेत, असा हिशोब. मेक्सिकोने 1922 मध्ये त्यांना संरक्षण दिलं आणि आज त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. 'आम्ही फक्त पाहत होतो' हे वाक्य नेहमीच निष्पाप नसतं, एवढं यातून लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

आता सान इग्नासिओ. हे लगून आहे, म्हणजे समुद्राचं आत शिरलेलं उथळ, शांत पाणी. आपल्या खाडीसारखं समजा. करड्या रंगाच्या देवमाशांच्या माद्या दर हिवाळ्यात इथे आणि उत्तरेच्या ओहो दे लिएब्रे या दुसऱ्या लगूनमध्ये पिल्लं वाढवायला येतात. येतात कुठून? थेट आर्क्टिककडच्या थंड समुद्रातून. जाऊन-येऊन 16,000 किलोमीटरांहून जास्त प्रवास. पूर्ण वाढलेली मादी 13-14 मीटर लांब, म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही बरीच लांब. इथे ती जवळजवळ उपाशीच असते. उन्हाळ्यात तिकडे खाऊन साठवलेल्या चरबीवर स्वतः जगते आणि पिल्लाला दूधही देते.

चार्ल्स स्कॅमन हा अमेरिकी देवमासेमारीतला कप्तान. 1857-58 च्या हंगामात तो ओहो दे लिएब्रेमध्ये शिरला. उथळ पाणी, बाहेर पडायला तोंड अरुंद, आणि पिल्लांना सोडून न जाणाऱ्या माद्या. शिकाऱ्याला आणखी काय हवं? काही वर्षांत तिथलं पाणी रिकामं होत आलं. पिल्लावर हल्ला झाला की माद्या होड्या फोडायच्या, म्हणून खलाशांनी या प्राण्याला 'सैतान मासा' असं नाव ठेवलं. शब्द कोण कुणाला देतो ते पाहा. आणखी एक गोष्ट म्हणजे याच स्कॅमनने 1874 मध्ये सागरी सस्तन प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. मारणारा आणि बारकाईने पाहणारा, माणूस एकच.

विसाव्या शतकात शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, संख्या हळूहळू वाढली. तरी स्थानिक कोळी या प्राण्यापासून लांबच राहत. मग 1972 मध्ये सान इग्नासिओमध्ये फ्रान्सिस्को मायोराल, सगळे त्यांना पाचिको म्हणत, मासेमारी करत असताना एक देवमासा त्यांच्या होडीजवळ आला आणि हलेना. घाबरत घाबरत त्यांनी हात लावला. काहीच झालं नाही. त्यानंतर असे देवमासे वाढत गेले. आज माद्या पिल्लांना घेऊन होडीपाशी येतात, डोकं वर काढतात, लोक त्यांना थोपटतात. 'क्षमा' हा शब्द इथून आला.

आता शब्द तपासू. क्षमा म्हणायला किमान तीन गोष्टी लागतात. ज्याच्यावर अन्याय झाला तो जीव, त्याला त्या अन्यायाची आठवण, आणि समोरचा तोच अन्याय करणारा आहे ही ओळख. करडा देवमासा साधारण साठ-सत्तर वर्षं जगतो. 1972 मध्ये एखाद्या म्हाताऱ्या मादीने शिकार अनुभवली असणं अशक्य नव्हतं. आज होडीपाशी येणाऱ्या मादीने मात्र इथली ती शिकार पाहिलेलीच नाही. जिने ती पाहिली नाही ती तिच्याबद्दल क्षमा कशी करणार? ती का येते? कुतूहल असेल, पिल्लाचा खेळ असेल, पाठ घासायला बरं वाटत असेल. थॉमस नेगल या तत्त्वज्ञाने 1974 मध्ये विचारलं होतं, की वटवाघूळ असणं वटवाघळाला कसं वाटतं हे आपल्याला कधी कळेल का? देवमाशाच्या बाबतीत मी तीच मर्यादा मानतो. तिच्या मनात काहीच नाही असं मी म्हणत नाही. आपल्या सोयीचं वाक्य तिच्या तोंडी घालायचा हक्क आपल्याला नाही, एवढंच म्हणतो.

सोयीचं का? कारण क्षमा मिळाली की खातं बंद होतं. आपल्या परंपरेतलं उदाहरण घ्या. पर्युषणाच्या शेवटी जैन मंडळी सर्व जीवांची क्षमा मागतात. मागतात, हे महत्त्वाचं. मागणं माझ्या हातात आहे. मिळाली असं जाहीर करणं माझ्या हातात नाही. आणि मागणाऱ्याने वागणं बदललं नाही तर मागण्याला अर्थ राहत नाही.

आता खातं खरोखर बंद झालं आहे का ते पाहू. संख्या सावरली म्हणून 1994 मध्ये अमेरिकेने या देवमाशांना धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून काढलं. 2016 च्या सुमारास ते 27,000 च्या घरात होते. 2019 पासून मात्र किनाऱ्यांवर मेलेले, हडकुळे देवमासे लागू लागले, आणि 2023 पर्यंत अंदाज साडेचौदा हजारांवर आला. मुख्य कारण मानलं जातं ते उत्तरेतल्या अन्नाचं. समुद्राच्या तळच्या चिखलात कोळंबीसारखे बारीक जीव असतात, ते हा देवमासा गाळून खातो. बर्फाखाली वाढणारं शेवाळ तळाशी पडतं आणि त्यावर हे जीव पोसतात. समुद्र तापून बर्फ कमी झाला की ही साखळीच ढिली पडते. म्हणजे लगूनमध्ये आपण थोपटतो ती मादी हजारो किलोमीटर लांब उपाशी राहिलेली असू शकते, आणि त्या तापण्यात विमानाने, डिझेलच्या बोटीने तिला पाहायला जाणाऱ्याचाही वाटा असतो.

मग जाऊच नये का? मला तसं वाटत नाही. 1990 च्या दशकात याच लगूनवर मेक्सिको सरकार आणि मित्सुबिशी कंपनी यांच्या भागीदारीत प्रचंड मिठागर होणार होतं. जगभरातून विरोध झाला आणि मार्च 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष सेदियो यांनी प्रकल्प रद्द केला. ज्यांनी ते पाणी पाहिलं होतं, जे त्यावर पोट भरत होते, त्यांच्या आवाजाला तिथे वजन होतं. पाहण्याने माणूस बांधला जातो, हेही खरंच.

प्रश्न कसं पाहायचं हा आहे. सान इग्नासिओची पद्धत मला शिकण्यासारखी वाटते. मोठी बोट लांब थांबते, प्रवासी स्थानिकांच्या लहान होड्यांत बसतात. होड्यांची संख्या ठरलेली, वेळ ठरलेली, आणि लगूनचा आतला भाग माद्या-पिल्लांसाठी राखलेला. होडी पाठलाग करत नाही. इंजिन मंद ठेवून थांबते. देवमासा आला तर आला. आमच्या एका फेरीत कुणीच आलं नाही, तर नावाडी शांतपणे वेळ संपल्यावर परत फिरला, आणि कुणी तक्रारही केली नाही.

आता तारकर्ली किंवा गोव्यातली डॉल्फिनची फेरी डोळ्यांसमोर आणा. पाठीवरचा एक पर दिसला की चार होड्या चारही बाजूंनी धावतात, कारण "पैसे दिलेत, दाखवा" असं आपणच म्हणतो. नावाड्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो आपल्या मागणीवर जगतो. आपण चढतानाच सांगितलं, की "दादा, मागे लावू नका, दिसले नाहीत तरी पूर्ण पैसे देऊ", तर त्यालाही थांबणं परवडेल.

म्हणून 'त्यांनी क्षमा केली' या वाक्याऐवजी मी एक नियम सुचवतो. जवळ यायचं की नाही हे त्या जिवाने ठरवायचं. ठरवता येईल एवढं पाणी, शांतता आणि अन्न शिल्लक ठेवणं आपण करायचं. यातलं पहिलं होडीत बसून जमतं. दुसरं घरी परतल्यावर सुरू होतं आणि ते कितीतरी अवघड आहे. त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते आता ऐकू या. प्रश्न विचारा.