आनंदीबाईंचे पेन्सिल्व्हेनिया आणि क्षयाची लस

कै. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या आणि वर्ष पुरते लोटण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास क्षयाने निवर्तल्या. वय अवघे एकवीस! रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखविला होता. शत्रूची ओळख पटली होती. हाती शस्त्र मात्र नव्हते.

पहिले शस्त्र फ्रान्सने दिले. काल्मेत व गेरँ यांनी गाईच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षे प्रयोगशाळेत वाढवून निस्तेज केला आणि १९२१ मध्ये बीसीजी लस प्रथम एका बालकास देण्यात आली. भारतातून आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर तिचा वण आहे. येथे जन्मलेल्या आमच्या दंडावर नाही. कारण अमेरिकेने ती सरसकट कधीच टोचली नाही.

तथापि तिची एक मोठी कसोटी घेतली ती फिलाडेल्फियाच्याच फिप्स संस्थेतील डॉ. जोसेफ ॲरनसन यांनी. १९३५ ते १९३८ या काळात सुमारे ३००० अमेरिकी आदिवासींवर हा प्रयोग झाला. साठ वर्षांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की लस घेतलेल्यांत क्षयाचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. उलट, तमिळनाडूत चेंगलपट्टू येथे १९६८ मध्ये आरंभिलेल्या विशाल प्रयोगात प्रौढांस फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण लाभले नाही.

क्षयजंतू त्याला गिळणाऱ्या रक्षक पेशींच्याच पोटात घर करतो. तेथे त्यास गाठावयाचे तर ‘टी’ नावाच्या लढाऊ पेशी फुप्फुसातच पहाऱ्यावर हव्यात. कातडीत टोचलेल्या लशीने त्या तेथे फारशा जमत नाहीत. म्हणून पिट्सबर्गच्या जोॲन फ्लिन, राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे रॉबर्ट सीडर व त्यांचे सहकारी यांनी तीच जुनी लस माकडांस शिरेतून दिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १० पैकी ९ माकडे बचावली. सहांत तर जंतूचा मागमूसही आढळला नाही. हा माणसांसाठी सिद्ध झालेला उपाय नव्हे; परंतु उत्तम लशीने काय साधावयाचे, हे त्यातून उमगले. दोन प्रथिनांपासून सिद्ध केलेल्या ‘एम-७२’ या लशीने जंतुसंसर्ग झालेल्या प्रौढांत सुमारे निम्मे संरक्षण दिल्याचे २०१९ मध्ये दिसले. तिची व्यापक चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली.

नवी लस येईल तेव्हा येवो. तोवर वडीलधाऱ्यांच्या कातडीवरील चाचणीत संसर्ग दिसला, तर ‘ते बीसीजीमुळे’ म्हणून विषय संपवू नये. रक्ततपासणीत बीसीजीमुळे घोटाळा होत नाही आणि सुप्त क्षय औषधाने वेळीच आवरता येतो. आनंदीबाईंच्या स्मृतीस वंदन करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एवढे अवश्य करावे.