नजर गेली, घर जाऊ नये

साठी-सत्तरी उलटलेल्या आईची किंवा वडिलांची नजर गेली, की घरात एकच प्रश्न निघतो : "आता यांना ठेवायचे कुठे?" मुलगा-सून दोघेही कामावर, नातवंडे शाळेत, खोली दहा बाय बाराची. प्रश्न खोटा नाही. पण निर्णय घेण्याआधी काही गोष्टी घरातल्या सर्वांनी बसून समजून घेतल्या पाहिजेत.

नजर खरोखरच गेली का?

पन्नाशीपुढील माणसांची राष्ट्रीय पाहणी २०१५ ते २०१९ या काळात झाली. तीत आढळलेल्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो आणि बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. तेव्हा "वयच झाले" म्हणून म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात बसवू नका. कूपर, राजावाडी यांसारख्या पालिका रुग्णालयांत डोळ्यांचा विभाग असतो, तेथे आधी तपासणी करा. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही, उरलेली वाचवता येते. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

ओळखीचे घर हीच काठी

नजर परत येणार नसेल, तर ज्या घरात माणूस तीस-चाळीस वर्षे वावरला तेच घर त्याला सर्वांत सोयीचे. माठ कुठे, मोरी किती पावलांवर, हे हातापायांना पाठ असते. म्हणून वस्तूंच्या जागा बदलू नका. वाटेत बादली, चपला ठेवू नका. मोरीत धरायला दांडी बसवा. औषधाच्या बाटल्यांना वेगवेगळे रबर बांधा. खोलीत शिरताना "मी आलो" एवढे बोला.

आज घाटकोपर, मुलुंड, अंधेरीत वस्त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. आपल्याला नवी खोली मिळते, पण अंध आजीच्या ओळखीची गल्ली जाते, शेजारीण दुसऱ्या मजल्यावर जाते आणि लिफ्टच्या बटणांसमोर आजी अडते. घर बदलताना पहिले काही दिवस कोणीतरी रजा काढून त्यांना दार, जिना, लिफ्ट हात धरून फिरवून दाखवावी. जुनी शेजारीण त्याच मजल्यावर यावी म्हणून सोसायटीकडे शब्द टाकावा. आणि पुनर्विकासाच्या कोणत्याही कागदावर त्यांचा अंगठा घेण्यापूर्वी तो कागद त्यांना पूर्ण वाचून दाखवावा. दिसत नाही म्हणून हक्क संपत नाही.

कागदपत्रे

कचेरीत काम करणाऱ्याला ठाऊक असते, कागद अपुरा असला की अर्ज मागे येतो. सर्वप्रथम अपंगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढा. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर बऱ्याच सवलतींचे दार उघडते. अंध व्यक्तीला आणि सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत आहे. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर संजय गांधी निराधार अनुदान किंवा श्रावणबाळ योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा.

मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याने प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह मागता येतो. स्वतः जाता येत नसेल तर त्यांच्या संमतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. सांभाळण्याच्या अटीवर खोली नावावर करून दिली आणि नंतर सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. ही अट मात्र कागदावर लिहून घ्यावी.

वृद्धाश्रम पाहावा लागला तर

कधी खरोखरच इलाज उरत नाही. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे 'नॅब'ने वृद्ध अंधांसाठी खंडाळ्याला निवासगृह उभारले. प्रवेशाच्या अटी व जागा आधी विचारून घ्या. कितीतरी वृद्धाश्रम स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यालाच घेतात. म्हणून पांढरी काठी घेऊन चालणे, स्वतः जेवणे, न्हाणे हे शिक्षण लवकर सुरू करावे. घरी राहायचे असले तरी ते उपयोगी पडते. आश्रम पाहायला जाल तेव्हा वडीलधाऱ्यांना बरोबर न्या. संडास किती लांब, रात्री हाक मारली तर कोण येते, हे त्यांनाच विचारू द्या. मदतीसाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

ज्यांनी गिरणीत, पालिकेत, चार घरची धुणीभांडी करून आपल्याला शिकवले, त्यांचा मुक्काम कुठे असावा हे ठरवताना शेवटचा शब्द त्यांचाच असावा.